सात अक्षरं आणि एक तातडीचा अर्ज

मी फक्त एक कागद लावला होता. एकच. पांढरा, साधा, डावीकडे व्यवस्थित समास सोडलेला. त्या कागदापायी आमच्या इमारतीतल्या एका भाडेकरूने सामान बांधायला घेतलं, दातांच्या एका डॉक्टरने पेशंटला तोंड उघडं ठेवून दहा मिनिटं खुर्चीत बसवलं, आणि माझ्या बायकोने लेकीकडचा मुक्काम दोन महिन्यांनी वाढवला. पहिल्या दोन गोष्टी निस्तरता आल्या. तिसरीने मात्र माझ्या तोंडचं पाणी पळवलं, म्हणून सगळं पहिल्यापासून सांगतो.

मी सदतीस वर्षं आवक-जावक विभागात कारकुनी केली. आलेल्या पत्रावर क्रमांक टाकायचा, वहीत नोंद करायची, ज्याचं पत्र त्याच्या टेबलावर पाठवायचं. आत काय लिहिलंय ते वाचायचं नाही. सदतीस वर्षांत माझ्या हातून एकही पत्र चुकीच्या पाकिटात गेलं नाही. (हे वाक्य लक्षात ठेवा. पुढे ते माझ्याच अंगावर येणार आहे.) निवृत्तीच्या दिवशी ऑफिसने मला एक रबरी शिक्का भेट दिला, 'तातडीचे' असा. माझ्या टेबलावरून आयुष्यात कुठलीच गोष्ट तातडीने गेली नाही, असं साहेब भाषणात म्हणाले आणि सगळे हसले. मीही हसलो. शिक्का चांगला आहे, लाल शाईच्या डबीसकट.

आमची ही शाळेत इंग्रजी शिकवायची. तीही निवृत्त झाली आणि आमचा सहा वाजताचा कार्यक्रम सुरू झाला. आमच्या वर्तमानपत्रात रोज सात इंग्रजी अक्षरं येतात. त्यांच्यातून जमतील तेवढे शब्द करायचे. शब्द किमान चार अक्षरी हवा, आणि एकच अक्षर कितीही वेळा वापरलं तरी चालतं. ही खिडकीजवळच्या खुर्चीत बसून शब्द शोधणार. शब्द सापडला की पेन्सिल खुर्चीच्या हातावर तीनदा आपटणार. मग मी कोश उघडून त्याचा अर्थ मोठ्याने वाचणार आणि वहीत उतरवणार. शब्द तिचे, अर्थ माझे. माझं इंग्रजी ऑफिसपुरतं. 'आपला नम्र' मी तीन प्रकारे लिहू शकतो, त्यापुढे अंधार. पण कोश चाळण्यात माझा हात धरणारं कोणी नाही.

वहीला मी चार रकाने आखले होते: क्रमांक, शब्द, अर्थ आणि 'कोणाशी संबंधित'. चौथा रकाना निव्वळ हाताच्या सवयीने आखला गेला. इंग्रजी शब्द कोणाशी संबंधित असणार? तो पहिल्या पानापासून रिकामाच होता.

एकदा हिने पाठोपाठ दोन शब्द काढले, गार्डन आणि डेंजर. "बघा," ती म्हणाली, "सहाच्या सहा अक्षरं तीच. नुसत्या जागा बदलल्या, तर बागेचा धोका झाला." मी दोन्ही अर्थ वाचले आणि दोन्ही नोंदवले. मग तिने मला माझी खुर्ची टीव्हीसमोरून हलवायला सांगितली. अशा आमच्या संध्याकाळी जायच्या. ऐकणाऱ्याला त्यात काय मजा, असं वाटेल. मलाही ती होती तेव्हा तसंच वाटायचं.

मग लेकीला बाळ झालं आणि हिला तीन महिन्यांसाठी बोलावणं आलं. निघायच्या दिवशी बॅगेची चेन अर्धी लावून ही थांबली.

"अहो, एकटे राहाल ना? जमत नसेल तर आत्ताच सांगा. मी कळवते तिला."

"मी? अगं, मजेत राहीन. उलट जरा निवांत."

निवांत हा शब्द मला का सुचावा, देव जाणे. तिने एक क्षण माझ्याकडे पाहिलं आणि उरलेली चेन ओढली.

पुढचे पाच आठवडे मी निवांत होतो. इतका निवांत, की फ्रिजचा आवाज बंद पडला की दचकायचो. सहा वाजले की वर्तमानपत्र, कोश, वही मांडून बसायचो. माझ्या खुर्चीत. तिच्या खुर्चीत एकदा बसून पाहिलं, पण तिथून माझी खुर्ची रिकामी दिसायला लागली, म्हणून परत आलो. तिच्या पेन्सिलीचं टोक चावलेलं आहे. ती पेन्सिल एकदा खुर्चीच्या हातावर तीनदा आपटून पाहिली. आवाज तोच आला. शब्द काही आला नाही.

माझे स्वतःचे म्हणाल तर, पी, एल, ए, एन, ई, टी, एस ही अक्षरं आली त्या दिवशी मी पाऊण तास डोकं खाजवून चार शब्द काढले: सील, स्टेपल, पेस्ट आणि सेंट. शिक्का, टाचणं, चिकटवणं, पाठवलं. सदतीस वर्षांची नोकरी चार शब्दांत आटोपली आणि मी कोश मिटला. या चारांचे अर्थ बघायचीही गरज नव्हती.

हिला सांगावं, तर हिचा फोन दुपारी एकला यायचा.

"जेवलात?"

"जेवलो."

"गोळी?"

"घेतली."

"करमतंय ना?"

"मजेत!"

एवढ्यात मागे बाळ रडायचं आणि फोन बंद व्हायचा. मी एकदा फोनवरून तिला सात अक्षरं पाठवली होती. नऊ तासांनी उत्तर म्हणून एक अंगठा आला. आता अंगठ्याचा अर्थ मी कुठल्या कोशात शोधू?

तेव्हा त्या सात अक्षरांच्या दिवशी, सेंट या शब्दाकडे बघत असताना, माझ्या मनात आलं की इमारतीत अठ्ठावीस घरं आहेत. कोणाला तरी चार शब्द सुचत असतीलच. खाली काचेचा नोटीस बोर्ड आहे. एक कागद लावायला काय हरकत आहे? एवढाच माझा निर्णय. दुसऱ्या दिवशी सकाळी मी कागद लिहिला. मला कागद लिहिण्याची एकच पद्धत येते, त्या पद्धतीने लिहिला:

'सर्व रहिवाशांस कळविण्यात येते की, खालील सात अक्षरांपासून तयार होणारे किमान दहा इंग्रजी शब्द आज सायंकाळी सहापर्यंत निम्नस्वाक्षरीकाराकडे, दुसरा मजला, डावीकडील दार, येथे समक्ष सादर करावेत. विलंब झाल्यास त्याची गंभीर दखल घेतली जाईल.'

खाली सही, आणि कोपऱ्यात लाल शिक्का: तातडीचे. इमारतीचे सेक्रेटरी गावाला गेले होते, त्यामुळे विचारायचं कोणाला हा प्रश्नच नव्हता. (मला विचारायला नको म्हणून बरं वाटलं. बाकीच्यांनाही कोणाला विचारता आलं नाही, हे मला संध्याकाळी कळलं.)

सहाला पाच कमी असताना बेल वाजली. दारात वरच्या मजल्यावरचा भाडेकरू. घामाघूम.

"काका, सरळ सांगा. आम्हाला काढणार आहात का?"

"कुठून?"

"घरातून! मी आणि बायको दुपारपासून बसलोय ती अक्षरं घेऊन. पहिला शब्द निघाला टेनंट. दुसरा निघाला लीज. तिसरा, सेल. बिल्डिंग विकली ना काका? बायकोने वरच्या कपाटातल्या बॅगा खाली काढल्या हो."

मी त्याला आत घेतला आणि पाणी दिलं. मी काही बोलणार, तोच तळमजल्यावरचा शिंपी आला. गळ्यात टेप तसाच, हातात चिठ्ठी.

"माझे अकरा झाले," तो म्हणाला. "दहापेक्षा कमी असतील त्यांना लिफ्ट बंद होणार म्हणे?"

"कोण म्हणालं?"

"वॉचमन. मला काय, मी तळमजल्यावर. पण उगाच रेकॉर्ड खराब नको."

त्याचे शब्द असे होते: टेप, प्लीट, लेपल, पँट्स. म्हणजे चुणी, कोटाची कॉलर आणि विजार. त्याच्या मागोमाग पहिल्या मजल्यावरचे दातांचे डॉक्टर आले. क्लिनिकमध्ये पेशंट तोंड उघडून बसलेला असताना त्यांना पॅलेट हा शब्द सुचला, टाळू या अर्थी, आणि तो लिहून होईपर्यंत पेशंटने तोंड मिटायचं नाही, असा हुकूम त्यांनी दिला होता. शेवटी समोरच्या दारातली नर्सबाई ड्यूटीवरून आली. तिने युनिफॉर्मवरच उभ्या उभ्या एक शब्द दिला, पटेला.

"पटेल?" शिंप्याने विचारलं.

"पटेला. गुडघ्याची वाटी. काका, बघा कोशात."

मी कोश उघडला. होता! पान सापडायला मला चार सेकंद लागले. मी मोठ्याने वाचलं, "पटेला: नाम. गुडघ्याच्या सांध्यावरील वाटीच्या आकाराचे हाड." डॉक्टरांनी टाळी वाजवली. पाच आठवड्यांनी माझ्या आवाजाला कोणीतरी उत्तर दिलं होतं.

आता खरं सांगायची वेळ होती. हे सक्तीचं नाही, घर कोणी विकत नाही, लिफ्ट चालू राहणार आहे, एवढं म्हणायला मला अर्धा मिनिट लागलं असतं. भाडेकरूला मी तेवढं सांगितलं, बाजूला घेऊन, घराबद्दलचं. सक्तीबद्दल मात्र मी गप्प बसलो. का ते सांगतो. नर्सबाई बोलता बोलता खिडकीजवळच्या खुर्चीत बसली होती, आणि खुर्ची भरलेली दिसत होती.

दुसऱ्या दिवशी मी नवी सात अक्षरं लावली. पुन्हा 'गंभीर दखल', पुन्हा लाल शिक्का. पुन्हा चौघे आले. मी चहा केला, बिस्किटं आणली. तिसऱ्या दिवशी तर शिंपी घरून स्वतःची उशी घेऊन आला, कारण आमची खुर्ची त्याला टोचायची. हसणं काय, वाद काय! डॉक्टर आणि शिंपी एका शब्दावरून असे भांडले की मला कोश दोघांच्या मध्ये धरावा लागला. त्यांचे शब्द मी सुट्या कागदावर लिहायचो. वहीत नाही. वहीत फक्त हिचे.

आणि नेमका त्या गुरुवारी हिचा फोन सहा वाजता आला.

"अहो, दुपारी जमलंच नाही फोन करायला. हे कोण हसतंय?"

"काही नाही, थोडी मंडळी आली आहेत. शब्द काढतोय."

"कोण मंडळी?"

"आपला शिंपी, डॉक्टर, नर्सबाई..." मागून भाडेकरू ओरडला, "काका, चहा उतू जातोय!" आणि पुन्हा सगळे हसले.

पलीकडे तिने तो हशा ऐकला. मग म्हणाली, "वा. छान चाललंय की तुमचं. मला उगाच काळजी."

"छे, काळजी कसली!"

"नाही, म्हणजे लेक म्हणत होती, अजून दोन महिने राहा. मी नाहीच म्हणणार होते, तुमच्यासाठी. आता राहते मग. राहू ना?"

या इथे माणसाने 'नको' म्हणायचं असतं. दोन अक्षरांचा शब्द, कोश लागत नाही. पण खोलीत चार माणसं माझ्याकडे बघत होती, आणि मी म्हणालो, "राहा ना! खुशाल राहा!"

"बरं," ती म्हणाली. इतकंच.

शुक्रवारी सेक्रेटरी गावाहून आले. त्यांनी बोर्डावरचा माझा कागद वाचला, पुन्हा वाचला आणि थेट माझ्या दारात उभे राहिले.

"हे काय आहे?"

"शब्दकोडं."

"मग गंभीर दखल कसली? आणि कोण घेणार आहे?"

"ती... तशी लिहायची पद्धत आहे."

तासाभरात बोर्डावर त्यांचा कागद लागला: शब्द सादर करणे कोणावरही बंधनकारक नाही. बोर्डाच्या काचेला त्यांनी कुलूप घातलं. यापुढे कोणाला काही लावायचं असेल तर कागद घडी करून वॉचमनकडे द्यायचा, तो सवडीने लावेल.

त्या दिवशी सहाला मी चहाचं आधण ठेवलं, पाच जणांचं. साडेसहापर्यंत बेल वाजली नाही. शनिवारी वाजली नाही. रविवारी वाजली, पण तो चुकून आमच्या मजल्यावर आलेला माणूस होता. मी त्याला पत्ता इतका सविस्तर सांगितला की तो शेवटी "हो हो, कळलं" म्हणत उलट्या पावली जिना उतरला. शिंप्याची उशी खुर्चीवर राहिली होती. ती न्यायलासुद्धा तो आला नाही. मला वाईट वाटलं. स्वतःचा रागही आला. ही माणसं माझ्यासाठी आली नव्हती, लिफ्टसाठी आली होती, आणि त्यांच्या जिवावर मी बायकोला पाच महिने लांब ठेवलं होतं.

हिला खरं सांगायला हवं होतं. फोनवर मला ते जमणार नाही, हे मी ओळखून होतो. 'करमतंय ना?' ऐकलं की माझ्या तोंडून 'मजेत' आपोआप बाहेर पडतं. म्हणून सोमवारी सकाळी कागद घेतला, समास सोडला आणि लिहायला बसलो.

'प्रति, माझी पत्नी, मुक्काम लेकीचे घर. विषय: निम्नस्वाक्षरीकार मजेत नसल्याबाबत. संदर्भ: आपला गुरुवारचा फोन.

महोदया, उपरोक्त फोनवर निम्नस्वाक्षरीकाराने "खुशाल राहा" असे कळविले होते. सदर विधान वस्तुस्थितीस धरून नव्हते. वस्तुस्थिती अशी की, सायंकाळी सहा वाजता या घरात कोणीही बोलत नाही. आपली पेन्सिल जागेवर आहे. कोश जागेवर आहे. निम्नस्वाक्षरीकार जागेवर आहे. शब्द येत नाहीत. काल दिवसभरात निम्नस्वाक्षरीकाराचा आवाज फक्त दूधवाल्याने व एका वाट चुकलेल्या इसमाने ऐकला. मजेत व निवांत हे दोन्ही शब्द मागे घेण्यात येत आहेत. तरी मुक्काम वाढविण्याच्या निर्णयाचा फेरविचार व्हावा, ही विनंती. बाळास आशीर्वाद. कळावे, आपला नम्र.'

लिहून झालं आणि मला हलकं वाटलं. इतकं हलकं, की मी त्या दिवशीची सात अक्षरंही एका कागदावर लिहून काढली, बोर्डासाठी. या वेळी 'ऐच्छिक' हा शब्द दोनदा घालून. आय, एन, टी, डब्ल्यू, ई, आर, जी. दोन्ही कागदांवर शिक्का मारला आणि दोन्हींच्या ऑफिसच्या पद्धतीने तीन घड्या घातल्या. एक कागद पाकिटात घालून, पाकीट चिकटवून टपालात टाकला. दुसरा वॉचमनच्या हातात दिला.

"लावतो साहेब," तो म्हणाला.

"वाचून बघ हवं तर."

"मी नाही वाचत. मी फक्त चिकटवतो."

मला त्याचं कौतुक वाटलं. आवक-जावकला शोभला असता.

सहा वाजता बेल वाजली. दारात शिंपी. पाठीमागे डॉक्टर, त्यांच्यामागे भाडेकरू आणि नर्सबाई. कोणाच्याही हातात चिठ्ठी नव्हती.

"आज ऐच्छिक आहे बरं का," मी घाईघाईने म्हणालो.

"हो, म्हणूनच आलो," शिंपी म्हणाला आणि माझ्याकडे न बघता आत जाऊन आपल्या उशीवर बसला.

सगळे विचित्र वागत होते. नर्सबाईने आल्या आल्या माझा हात हातात घेतला. नाडी बघण्यासाठी, असं ती म्हणाली, पण नाडी तिथे नसते. भाडेकरूने मला उठू न देता चहा टाकला. डॉक्टर तर इतके हळू बोलत होते, जणू माझी दाढ नुकतीच काढली आहे.

"शब्द सुरू करू या?" मी म्हणालो.

"करू, करू. घाई नाही," डॉक्टर म्हणाले. "तुम्ही बोला ना. काहीही बोला. आम्ही ऐकतोय."

"काय बोलू?"

"काहीही. दूधवाल्यापेक्षा आम्ही बरे."

दूधवाला! मी तसाच चपला न घालता दोन जिने उतरलो. काचेच्या आत, कुलपाच्या मागे, सगळ्या इमारतीला दिसेल असा माझा अर्ज लावलेला होता. निम्नस्वाक्षरीकार मजेत नसल्याबाबत. तातडीचे. सदतीस वर्षांत एकही पत्र चुकलं नव्हतं, आणि चुकलं ते हे.

काचेवर बाहेरून एक कोरा कागद चिकटवला होता आणि त्यावर, फाइलवर असतात तसे, एकाखाली एक शेरे लिहिले होते.

'शिफारस करण्यात येते. – शिंपी.'

'सहमत. अर्जदाराने दाढही दाखवून घ्यावी. – डॉक्टर.'

'आमचं घर राहिलं, तसं काकांचंही काम व्हावं. – भाडेकरू.'

'काकूंना फोटो पाठवला आहे. – समोरचं दार.'

आणि सर्वात खाली, हिरव्या शाईत: 'पाहिले. कागद ठेवण्यास हरकत नाही. – सेक्रेटरी.'

मी तिथे किती वेळ उभा होतो ते सांगता येणार नाही. लाज इतकी वाटत होती की कान तापले होते. पण खोटं का बोलू, वर जायला निघालो तेव्हा मी लिफ्टची वाट न बघता जिना चढलो, कारण वर माणसं बसली होती.

मंगळवारी एक वाजता हिचा फोन आला नाही. बुधवारीही नाही. दोन्ही दिवस सहाला मंडळी येऊन गेली. मी कोश उघडायचो, मिटायचो, फोनकडे बघायचो. फोटो तर सोमवारीच पोचला होता. माणूस रागावला तर निदान ओरडतो. ही गप्प होती.

गुरुवारी सहा वाजता फोन वाजला. उचलताना माझा अंगठा कुठेतरी लागला आणि हिचा आवाज सगळ्या खोलीभर झाला.

"तुमचं पाकीट आज मिळालं. तातडीचं. उघडलं तर आत सात अक्षरं, आणि शब्द देणे ऐच्छिक, ऐच्छिक."

"अगं, ते..."

"अर्जही वाचला. शेऱ्यांसकट. नामंजूर."

शिंप्याने मान खाली घातली. मी म्हणालो, "बरं."

"बरं काय? कारण विचारा."

"कारण काय?"

"योग्य मार्गाने आला नाही. नवऱ्याला करमत नाही, हे बायकोला कोणाकडून कळावं? आधी शिंप्याची शिफारस, डॉक्टरांची सहमती, आणि मग मी? तीन दिवस मी वाट बघतेय, आता फोन करून स्वतः सांगतील, मग सांगतील. म्हणून मीही केला नाही."

तिचा आवाज जरा खाली आला.

"त्या दिवशी तुमच्याकडे सगळे हसत होते. मला वाटलं, माझ्यावाचून तुमचं काही अडत नाही. फोन ठेवला आणि बाळाच्या कपड्यांच्या घड्या घातल्या, मोडल्या आणि पुन्हा घातल्या. इथेही सहा वाजतात, अहो."

खोलीत सगळे भिंतीकडे, कपांकडे, मिळेल तिकडे बघत होते.

"माझं अडतं," मी म्हणालो. चार माणसांदेखत. "तुझ्यावाचून माझं फार अडतं."

"हं," ती म्हणाली. मग, "वाढवलेले दोन महिने रद्द. पण ठरलेले तीन महिने मी राहणार, म्हणजे अजून सहा आठवडे. बाळ लहान आहे, लेक थकलीय. चालेल?"

सहा आठवडे म्हणजे बेचाळीस संध्याकाळी. मी मनातल्या मनात मोजल्या. "मजे..." म्हणता म्हणता जीभ चावली आणि म्हणालो, "जड जाईल. पण चालेल."

"आता कसं! बाळ हल्ली सहाला झोपतं, पंधरा मिनिटं. तेवढ्यात शब्द मी देणार. कोश आहे का जवळ?"

"आहे. वही पण आहे."

"लिहा मग. तुमच्याच पाकिटातल्या अक्षरांतला आहे. पाकीट उघडलं आणि पहिल्यांदा हाच शब्द सुचला." पलीकडून कशावर तरी काहीतरी तीनदा आपटल्याचा आवाज आला. "निटविट."

हा शब्द मी उभ्या जन्मात ऐकला नव्हता. मोठ्या उत्साहाने पानं उलटली, चष्मा सावरला, आणि सगळ्यांना नीट ऐकू जावं म्हणून खणखणीत आवाजात वाचलं, "निटविट: नाम. बावळट, बिनडोक मनुष्य."

कोणी हसलं नाही. शिंपी उशीचा कोपरा शिवल्यासारखा चाचपत राहिला. नर्सबाईने खोकल्यासारखं केलं.

"नोंदवला का?" हिने विचारलं.

"नोंदवतोय."

मी क्रमांक टाकला, शब्द लिहिला, अर्थ लिहिला. आणि मग चार हजार शब्दांत पहिल्यांदाच, वहीच्या चौथ्या रकान्यात, 'कोणाशी संबंधित' याच्या खाली, स्वच्छ अक्षरात लिहिलं: निम्नस्वाक्षरीकार.